रक्तातील फॉस्फरसचे मापन : एका आकड्याचा इतिहास

प्रस्तावना :
रक्ततपासणीच्या अहवालात पुष्कळदा कॅल्शियमच्या जोडीला ‘इनऑरगॅनिक फॉस्फरस’, म्हणजे असेंद्रिय फॉस्फरस, अशी एक नोंद असते. प्रौढ व्यक्तीत हे प्रमाण साधारणतः दर डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. वाढत्या वयाच्या मुलांत ते अधिक आढळते. हा आकडा डॉक्टर वाचतात, रुग्ण जपून ठेवतो. परंतु तो मोजण्याची रीत कोणी घडविली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विज्ञानाच्या इतिहासात शोधांना मान मिळतो, मापनपद्धती मात्र तळटीपेत जातात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा आणि तिच्याशी निगडित असलेले भारतीय संशोधक येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या कार्याचा परामर्श घेतला आहे.

मूत्रापासून रक्तापर्यंत :
१६६९ मध्ये हॅम्बुर्ग येथे हेनिग ब्रँड यांना मूत्र आटवून तापविताना फॉस्फरस सापडला. पुढे १७७१ मध्ये शेले यांनी तो हाडांच्या राखेतून मिळविला. शरीरातील सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत व दातांत असतो. रक्तातील अंश अत्यल्प असल्याने त्याचे मापन दीर्घकाळ अवघड राहिले. १९२० मध्ये बेल व डॉइझी यांनी रंगमापनाची जलद पद्धत मांडली. १९२१ मध्ये हाउलंड व क्रेमर यांनी मुडदूस झालेल्या मुलांच्या रक्तात फॉस्फेट घटलेले असते, हे दाखवून दिले. त्यामुळे या मापनास वैद्यकीय महत्त्व आले; तथापि विश्वासार्ह व सोप्या पद्धतीची उणीव होतीच.

फिस्के-सुब्बाराव पद्धत :
सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये भीमावरम येथे झाला. मद्रास मेडिकल कॉलेजातील शिक्षणानंतर ते हार्वर्डला गेले व सायरस फिस्के यांच्यासह संशोधन करू लागले. १९२५ मध्ये त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने प्रथिने वेगळी करावयाची, गाळलेल्या द्रवात आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेट मिसळावयाचे आणि क्षपणकारकाने निळा रंग आणावयाचा. रंगाची गडदता फॉस्फेटच्या प्रमाणात असते.

या पद्धतीची खरी परीक्षा स्नायूंच्या अर्कात झाली. तेथे निळा रंग अपेक्षेपेक्षा सावकाश चढत असे. दोघांनी ही प्रयोगातील चूक मानून सोडून दिली नाही. आम्लात सहज विघटित होणारे एखादे फॉस्फरसयुक्त द्रव्य तेथे असावे, असा त्यांनी तर्क केला. त्यातून १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी हाती आले. त्याच सुमारास लंडनमध्ये एगल्टन दांपत्यास फॉस्फोक्रिएटिनचा, तर जर्मनीत लोहमान यांना एटीपीचा स्वतंत्रपणे शोध लागला होता, याचीही नोंद घेणे न्यायाचे ठरेल. एवढे कार्य होऊनही सुब्बाराव यांना हार्वर्डमध्ये कायमचे पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली प्रयोगशाळेत गेले व १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

अहवालाचे वाचन :
१९७२ मध्ये डेली व एर्टिंगसहाउसेन यांनी रंग न आणता अतिनील प्रकाशात थेट मापन करण्याची पद्धत दिली. आजच्या स्वयंचलित यंत्रांत बहुधा तिचाच वापर होतो. मॉलिब्डेटची मूळ अभिक्रिया मात्र कायम आहे. ‘असेंद्रिय’ या शब्दाचे महत्त्वही टिकून आहे. तांबड्या पेशींत सेंद्रिय फॉस्फेट विपुल असते. नमुन्यातील पेशी फुटल्या किंवा सीरम वेगळे करण्यास फार विलंब झाला, तर आकडा फसवा वाढतो. मूत्रपिंडाच्या दीर्घ विकारात मात्र ही वाढ खरी असते, कारण फॉस्फेटचे उत्सर्जन घटते. म्हणून एकट्या आकड्यावरून निदान न करता कॅल्शियम, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड संप्रेरक व ‘ड’ जीवनसत्त्व यांच्यासह तो पाहावा लागतो.

निष्कर्ष :
अहवालातील आकडा निसर्गातून जसाच्या तसा येत नाही. तो नमुना, पद्धत आणि मोजणाऱ्याची सचोटी यांतून घडतो. रंग उशिरा का चढतो, हे विचारण्याची चिकाटी नसती, तर स्नायूंच्या ऊर्जेचा शोध कदाचित त्या प्रयोगशाळेत लागला नसता. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत अपेक्षित उत्तराशी न जुळणारे वाचन खोडून टाकण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना नकळत लावतो. सुब्बारावांचे स्मरण करावयाचे, तर ही सवय प्रथम मोडावी लागेल.