मुलींचा खेळ आठवीतच का सुटतो?



स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील, म्हणून मी थोडा इतिहास लिहिते, तोही टेनिसचा. बीडमध्ये आपण टेनिस पाहिले ते दूरदर्शनवर, स्टेफी ग्राफचे. मैदानावर आम्हा मुलींना खो-खो आणि लंगडी होती. आठवीनंतर तीही सुटली. "आता मोठी झालीस" हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू यायचे.

मराठी समाजात याहून वेगळे फार आधी घडले होते. संस्कृतचे विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमा राव (जन्म १८९०) संस्कृतात काव्य लिहीत आणि टेनिसही खेळत. त्यांची 'सत्याग्रहगीता' १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, त्यांची मुलगी लीला राव विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. राव कुटुंब मुंबईचे, सुखवस्तू होते हे खरे. पण आई स्वतः खेळत होती, हे मला पैशाहून मोठे वाटते.

टेनिसमध्ये वेळ संपायची सोय नाही. शेवटचा गुण होईपर्यंत सामना हातचा गेलेला नसतो. पंच नसेल तर आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे आपणच खरे सांगायचे. तेरा ते सतरा या वयात हरणे पचवणे आणि एकटीने निर्णय घेणे याहून मोठे शिक्षण कोणते? माझ्या कामात खेळलेल्या मुली ओळखू येतात: कोडमधली चूक दाखवली तर त्या खचत नाहीत.

३० सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. पहिला सेट २-६ गेला होता. दुसऱ्याच दिवशी आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण आणले. आपल्या मातीत दम आहे, यात शंका नाही.

शाळेसाठी निधी जमतो आहे. टेनिस कोर्ट व्हावे असा माझा हट्ट नाही. आठवी ते दहावीच्या मुलींचा खेळाचा तास गणिताला दिला जाऊ नये आणि त्यांच्यासाठी एक क्रीडाशिक्षिका असावी, एवढे आपण मिळून करूया.