मुंबईची सात बेटे आणि माहीम

मी मुळशी तालुक्यात राहते आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. मुंबईची सात बेटे शिकवताना एकदा मी फळ्यावर नेहमीचे वाक्य लिहिले : पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "टीचर, अंग्रेजों के पहले वहाँ कौन रहते थे?" मी "कोळी" असे सांगून पुढे गेले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्याची रुखरुख मला बरेच दिवस लागून राहिली. "तुम्ही लोक इथे कधी आलात?" हा प्रश्न आमच्या मुलांना कुठे ना कुठे ऐकावाच लागतो. निदान शिक्षकाने तरी त्यांना अर्धे उत्तर देऊ नये.

आधी भूगोल. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ही सात बेटे. एकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे ऐन उष्ण कटिबंधात. पाया सह्याद्रीचाच, लाव्हाच्या काळ्या खडकाचा. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी अशी एक टेकड्यांची रांग, पूर्वेला डोंगरी ते शिवडी अशी दुसरी. मधला भाग इतका सखल की भरतीला समुद्र आत शिरे आणि ओहोटीला चिखल उघडा पडे. म्हणजे ही बेटे दिवसातून दोनदा सुटी होत आणि दोनदा जवळ येत. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ज्या सात बेटांचा उल्लेख केला ती हीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या बेटांवर कोळी होते, भंडारी होते, मुंबादेवी होती. मात्र मध्ययुगात या द्वीपसमूहाचे मुख्य ठाणे मुंबई नव्हते, माहीम होते. पंधराव्या शतकात गुजरातच्या सुलतानांचा अधिकारी माहीमला बसे. इ. स. १४२९-३०च्या सुमारास हा अधिकारी वारला, तेव्हा बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जार याने माहीम घेतले आणि गुजरातच्या अहमदशहाने फौज पाठवून ते परत मिळवले. लढणारे दोन्ही बाजूंचे मुसलमानच होते. भांडण दीनचे नव्हते, बंदराचे आणि जकातीचे होते.

त्याच माहीममध्ये त्याच काळात हजरत मखदूम अली माहिमी (रहमतुल्लाह अलैह) हयात होते. हिजरी ८३५ मध्ये, म्हणजे इ. स. १४३१-३२ मध्ये, त्यांची वफात झाली. ते नवायत समाजातले. अरबस्तानाशी समुद्रमार्गे नाते सांगणाऱ्या या समाजात व्यापार आणि इल्म दोन्ही होते. वडील लवकर गेले आणि आईने त्यांना वाढवले. झोपेत आईने पाणी मागितले, मुलगा पेला घेऊन आला तोवर तिचा डोळा लागला होता, म्हणून तो रात्रभर पेला धरून उभा राहिला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. कथा गोडच आहे. पण आपण तिथेच थांबतो, हे मला खटकते. मखदूमसाहेबांनी अरबीत कुरआन शरीफची तफसीर लिहिली. 'तफसीरे रहमानी' या नावाने ती ओळखली जाते, आणि एका आयतीचा पुढच्या आयतीशी कसा संबंध आहे हे उलगडणे हा तिचा विशेष आहे. फिकहवरही त्यांनी लिहिले. इंग्रज या बेटावर उतरण्याच्या सव्वादोनशे वर्षांहून अधिक आधी इथला एक माणूस असे ग्रंथ लिहीत होता. त्यांना 'कुतबे कोकण' म्हणतात, त्या शब्दांत कोकण आहे हेही लक्षात घ्यावे.

त्यांची फिकह शाफई. आमच्याकडून ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे गेले की फजरच्या नमाजीत दुआए कुनूत ऐकू येते, असरची वेळ लवकर होते. घाटावरचे आम्ही बहुतेक हनफी, खालचे कोकणी मुसलमान शाफई. घाटमाथ्यावर इस्लाम मुख्यतः दिल्ली-दख्खनच्या खुष्कीच्या वाटेने आला, तर कोकणात अरब आणि येमेनच्या गलबतांतून. एका घाटाच्या दोन अंगांना इतिहासाच्या दोन वाटा दिसतात. नकाशावर हे मुलांना दाखवले की त्यांचे डोळे चमकतात.

पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. हुमायूनच्या दबावाखाली सापडलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४च्या तहाने वसई आणि ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊ केली. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला, तोही कुरकुरतच. माहीम या आंदणात धरलेच नव्हते असे पोर्तुगीजांचे म्हणणे, तरी इंग्रजांनी ते घेतले. १६६८ मध्ये राजाने सगळे वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने माझगाव आणि माहीम घेऊन इंग्रजांना किल्ल्यात कोंडले होते. शेवटी त्यांना औरंगजेबाशी समझोता करावा लागला.

त्यानंतर बेटे बुजवण्याचे काम सुरू झाले. वरळी आणि मुंबई यांच्यामधल्या मोठ्या खिंडारातून समुद्र आत येई. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४च्या सुमारास, तिथे बांध पडला. आज तो लाला लजपतराय मार्ग आहे. १८०३ मध्ये शीवचा रस्ता झाला, १८३८ मध्ये कुलाब्याचा. माहीम-वांद्रे खाडीवर सरकार पैसे घालेना, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, जकात घ्यायची नाही या अटीवर, आणि १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. टेकड्या फोडून खाड्या भरल्या गेल्या. भराव घालणाऱ्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कामाठीपुऱ्यासारखे एखादे नाव तेवढे राहिले.

पण खाड्या नावांत जिवंत आहेत. उमरखाडी म्हणजे उंबराची खाडी. पायधुणी म्हणजे जिथे खाडीच्या पाण्यात पाय धुऊन पलीकडे जायचे ती जागा. डोंगरीचा डोंगर आता शोधावा लागतो. ज्या मोहल्ल्यांत आज उर्दू ऐकू येते त्यांची नावे अशी अस्सल मराठी आहेत. तिथे राहणारे आमचे नातेवाईक ती रोज उच्चारतात आणि अर्थ विचारला की खांदे उडवतात.

पायधुणीजवळच मुंबईची जामा मशीद आहे, १८०२ मध्ये पूर्ण झालेली. जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती आणि तिच्यात तलाव होता. तलाव बुजवायचा नाही, या अटीवर त्याने ती दिली. म्हणून पाण्यातून दगडी कमानी उभारून त्यांवर मशीद बांधली गेली. सगळे शहर पाणी बुजवत असताना एकाने पाणी राखले. हा तलाव आजही आहे.

मुळशीच्या माणसाला ही गोष्ट जास्तच कळते. याच मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी म्हणून आमच्या मावळातली पन्नासाच्या आसपास गावे टाटांच्या धरणाखाली गेली. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. तिथे पाण्याची जमीन केली, इथे जमिनीचे पाणी. मुलांना मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी काढून दाखवते.

तो प्रश्न विचारणारी मुलगी पुढे आमच्या सहलीला आली होती. माहीमला मखदूमसाहेबांच्या दर्ग्यात फातेहा पढून आम्ही हाजी अलीला गेलो, तर वाट भरतीखाली होती. मुले कठड्याला टेकून बसली. तिने वही काढली आणि विचारले, "टीचर, ये सात में से कौनसा है?" मी म्हटले, हे सातांत नाहीच, हा निराळा खडक, याला कोणी अजून किनाऱ्याला जोडून बुजवलेले नाही. तिने ते लिहून घेतले. ओहोटीला अजून दीड तास होता.