शब्दवेध : फाटा

कोकणात निघालेली एसटी पळस्पे फाट्यावर पुण्याचा रस्ता सोडून गोव्याच्या वाटेला लागते. इंग्रजीत अशा जागेला ‘जंक्शन’ म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन ‘युंगेरे’, म्हणजे जोडणं. संस्कृत ‘युज्’ आणि आपला ‘योग’ त्याच कुळातले. मराठीनं मात्र तीच जागा ‘फाटणे’ या क्रियापदावरून ओळखली. झाडाला फाटा, कालव्याला फाटा, तसा रस्त्यालाही. बोलताना विषय भरकटला की ‘फाटे फोडू नका’, आणि मानपान गाळायचे तर त्यांना ‘फाटा द्यायचा’. मला हा शब्द अधिक खरा वाटतो, कारण प्रवाशाला तिथं निवड करावी लागते.

समानार्थी शब्दही जागेप्रमाणे वेगळे. पुढे वडखळला तो ‘नाका’ होतो. या शब्दात जकातीची चौकी दडलेली आहे. सिंधुदुर्गात ‘तिठा’, कोल्हापुरात ‘तिकटी’, दौंडकडे ‘चौफुला’. त्यातल्या ‘ति’ आणि ‘चौ’मध्ये वाटांची मोजदादच आहे.

‘जंक्शन’ही आपण नुसतं रेल्वेपुरतं ठेवलं नाही. भुसावळ, मनमाडसारख्या मोठ्या स्थानकांच्या नावात ते दिसतंच. पण जेवण झकास झालं की मराठी माणूस तृप्तीनं म्हणतो, ‘जंक्शन बेत होता!’ हा अर्थ इंग्रजी कोशात सापडायचा नाही.