माणसांचा अभ्यास कशासाठी? इरावतीबाई आणि गेलताई



बारावीचा निकाल लागला की बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांबरोबर मुलींच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. "पोरगी मानवशास्त्र घेते म्हणतीय. माणसांचा अभ्यास करून पोट भरतं का?" असं कुणीतरी विचारतंच. आज त्याचं उत्तर आपल्याच सातारा-सांगलीच्या इतिहासातून देते.

मानवशास्त्र म्हणजे माणसं कशी राहतात, सोयरीक कुठं करतात, कुणाला आपलं म्हणतात, हे जवळ जाऊन समजून घेणं. धरण, दवाखाना, शाळा अशा कामात त्याचा वापर केला की त्याला उपयोजित मानवशास्त्र म्हणतात.

आपल्याकडं याची वाट घालणारी बाई म्हणजे इरावती कर्वे. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. शिक्षण पुण्यात, आणि डॉक्टरेट १९३० साली बर्लिनला. कवटीच्या मोजमापावरून गोऱ्या माणसाचं श्रेष्ठपण दिसेल, अशी त्यांच्या प्राध्यापकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजणीत तसं काही निघालं नाही, आणि निघालं नाही असंच त्यांनी लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्यासमोर, हे सोपं नव्हतं.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. पुस्तकं वाचून थांबल्या नाहीत, पायी फिरल्या. पंढरीच्या वारीत चालल्या. एकाच दिंडीत अभंग एकत्र म्हणायचे, पण ब्राह्मण बायकांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठा बायकांचा वेगळा, हे त्यांनी पाहिलं. त्यांना ते रोज खटकलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं.

आता कोयनेकडं येऊ. १९६० च्या दशकात धरणात पाणी साठलं. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातली गावं पाण्याखाली गेली. काही लोक तिथंच डोंगरावर वर सरकले, काही सांगली, सोलापूर, ठाण्याकडं पांगले. महाराष्ट्राला वीज मिळाली. पण उठलेल्या माणसांचं पुढं काय झालं? इरावतीबाई आणि त्यांची मुलगी जाई निंबकर यांनी या लोकांची पाहणी केली. तिचं पुस्तक डेक्कन कॉलेजनं १९६९ साली काढलं. पुढच्याच वर्षी इरावतीबाई गेल्या.

अशा पाहणीची गरज काय, हे आपण बायकांनी नीट समजून घ्यावं. पंचनाम्यात जमीन येते, घर येतं, झाडं येतात. सात-बाऱ्यावर नाव बहुतेक पुरुषाचं, म्हणून नुकसानभरपाईचे पैसे त्याच्या हातात. पण सरपणाचं रान, पावसाळ्यातली रानभाजी, ओळखीचा पाणवठा, अडीनडीला पायली-दोन पायली दाणे देणारी शेजारीण, हाकेच्या अंतरावरचं माहेर, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? संसार तर यावरच चालतो. दारात बसून विचारलं, तरच हे कळतं.

पण पाहणी झाली म्हणून जमीन मिळाली, असंही नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. कोयनेची गावं त्याच्या आधीच उठली होती. त्यांची नातवंडं मोठी झाली, तरी आंदोलनाला बसावं लागलं. नुसत्या अभ्यासाची मर्यादा इथं दिसते. लिहिलेलं घेऊन कुणीतरी भांडावं लागतं.

ते भांडण्याचं काम सांगली जिल्ह्यात एका अमेरिकेत जन्मलेल्या बाईंनी केलं. गेल ऑम्वेट. विषय समाजशास्त्र, म्हणजे मानवशास्त्राची सख्खी बहीण. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर अभ्यास करायला त्या महाराष्ट्रात आल्या, आणि १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. बहुतेक अभ्यासक माहिती घेऊन परत जातात. गेलताई वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या. १९८३ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कासेगावातच त्यांचं निधन झालं.

गेलताई, त्यांच्या सासूबाई इंदुमती पाटणकर आणि इतर बायांनी १९८० च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न लावून धरला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या रेशनकार्डावरून गेलेलं असतं, आणि माहेरी भावजयीच्या संसारात ती जास्तीची असते. स्वतंत्र रेशनकार्ड, राहायला जागा, पोटगी या मागण्या मोर्चात आल्या, कारण त्याआधी या बायांना कुणीतरी विचारलं होतं, "तू जगतेस कशी?"

त्याच काळात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं. पाणी फक्त जमीनवाल्याचं नाही, भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबाचा त्यात वाटा, असं तिथं ठरवलं गेलं. पाणी कुणाचं, हा प्रश्न विचारल्यावर वाटणीची रीतच बदलली.

तेव्हा मैत्रिणींनो, पोट भरतं का, याचं सरळ उत्तर असं. या पदवीवर नोकरी ठेवलेलीच असते, असं मी सांगणार नाही. संस्थांची कामं असतात, सरकारी योजनांच्या पाहण्या असतात, स्पर्धा परीक्षा असतात, आणि त्यासाठी धडपड करावी लागते. पण मुलीनं हा विषय घेतला, तर नकाशावर ज्यांचं घर दाखवलेलं नाही त्यांच्या दारात जाऊन काय विचारायचं, ते तिला कळेल.

आणि तोवर आपणही थोडं करू या. पुढच्या बैठकीला वहीचं एक पान वेगळं ठेवा. गटातल्या किती जणींचं नाव घराच्या उताऱ्यावर आहे, किती जणींचं सात-बाऱ्यावर आहे, आणि एकट्या राहणाऱ्या किती जणींकडं स्वतःचं रेशनकार्ड आहे, ते लिहा. ज्यांची नावं नाहीत, त्यांचा आकडा घेऊन महिला ग्रामसभेत एकत्र जा.