एक पोते, दोन कागद

१६६० साली चाकणच्या भुईकोटाने शायिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच चाकणला माझ्या आजोबांचे ज्वारीचे पोते एका कागदाने अडवून धरले होते. ते मात्र कोणत्याही बखरीत नाही.

गोष्ट १९६६ सालची. थोरला मामा पिंपरीच्या कारखान्यात लागला होता. त्याच्या बिऱ्हाडी घरची ज्वारी पोचवावी, म्हणून आजोबांनी पोते गाडीत घातले. लेव्ही भरल्याचा दाखला कनवटीला होताच. नाक्यावर विचारणा झाली, "बाबा, वाहतुकीचा परवाना?"

"अहो, लेव्ही भरली. हा दाखला."

"तो वेगळा, हा वेगळा."

परवान्याच्या अर्जात पुन्हा तेच: जमीन किती, पीक किती, खाणारी तोंडे किती. तीन खेपा झाल्या. आठवड्याने पोते पोचले. तोवर मामी शेजारणीकडून उसने पीठ आणीत होती.

नियंत्रणे कोणी लहरीखातर आणली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. गांधीजींच्या आग्रहाने १९४७ च्या अखेरीस बंधने सैल झाली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये ती परत आली. रफी अहमद किडवाई यांनी १९५२ नंतर ती पुन्हा उठवली. पिके चांगली आली, म्हणून निभावले. पुढे १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला आणि मागोमाग धान्याचे झोन. १९७७ साली धान्याची ने-आण देशभर मोकळी झाली. २००२ साली केंद्राने गहू, तांदूळ व भरड धान्याच्या व्यापारावरील परवाने आणि साठामर्यादा काढल्या. तंगीच्या दिवसांत साठामर्यादा मात्र पुन्हा डोकावत राहिली.

दुष्काळात धान्यावर लक्ष ठेवावेच लागते. आजोबाही लेव्हीबद्दल कधी कुरकुरले नाहीत. "शहरातल्यांनी खायचं काय?" असे तेच म्हणत. त्यांना सलत होते ते एवढेच, की एकदा खरे सांगितलेल्या माणसाला दुसऱ्या टेबलावर पुन्हा खरे ठरावे लागते.

आजोळच्या शिवारात आज कारखाने उभे आहेत. उरलेल्या तुकड्यात मामेभावाचा मुलगा ज्वारी करतो. परवा तो मोबाइलवर ई-पीक पाहणी भरत होता. मी विचारले, "हेच पुन्हा कुठे लिहून द्यावे लागते का रे?"

तो नुसता हसला. अगदी आजोबांसारखा.