फोटोच्या आकाशातला काळा ठिपका: धूळ की पक्षी?

पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. किल्ल्याचा सुळका आणि मागे मोकळं आकाश, अशा फोटोत धुळीचे ठिपके हमखास उठून दिसतात. झाडीच्या फोटोतही ते असतातच, फक्त पानांत लपतात.

लेन्स बदलताना आत शिरलेली धूळ सेन्सरसमोरच्या काचेच्या फिल्टरवर बसते. ॲपर्चर एफ/४ असेल तर तिची सावली पसरून जवळपास नाहीशी होते. एफ/१६ किंवा एफ/२२ ला तीच गडद, गोल उमटते. ऑलिंपसने २००३ साली ई-१ कॅमेऱ्यात फिल्टर थरथरवून धूळ झटकायची सोय आणली. आज ती अनेक कॅमेऱ्यांत आहे, पण चिकट धूळ तिला दाद देत नाही. मोबाइलच्या फोटोत डाग दिसला, तर एडिटिंगआधी लेन्सची काच पुसून पाहावी.

ठिपके शोधताना फोटो १०० टक्के झूम करावा. लाइटरूममध्ये 'व्हिज्युअलाइझ स्पॉट्स' सुरू केलं की फोटो काळा-पांढरा होतो आणि ठिपके लगेच सापडतात. मग 'हील' टूलचा ब्रश ठिपक्याहून किंचित मोठा ठेवून क्लिक करायचं. मोबाइलवर स्नॅपसीडमधलं 'हीलिंग' हेच काम करतं. आकाशाचा रंग हळूहळू बदलतो, त्यामुळे भरणा जवळच्याच भागातून घ्यावा. नाहीतर थिगळ दिसतं.

खरी गोची वेगळीच आहे. दूरवर घिरट्या घालणारी घारही ठिपक्याएवढीच दिसते, आणि पक्षीनिरीक्षकासाठी तो ठिपका म्हणजे नोंद असते. ओळखायचं कसं? लागोपाठ काढलेले, क्रॉप न केलेले फोटो शेजारी ठेवावेत. धूळ प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी राहते, पक्षी सरकतो. म्हणूनच एका फोटोतलं हीलिंग बाकीच्या शंभर फोटोंवर कॉपी करता येतं. मात्र एखाद्या फोटोत नेमक्या त्या जागी पक्ष्याचा पंख आला असेल, तर तोही विद्रूप होतो. तेवढं तपासावंच.

वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढायला मुभा आहे; दृश्यातली वस्तू पुसायला नाही.

ठिपके वाढतच गेले तर रबरी ब्लोअर वापरावा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण उडतात. आणि फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या बाजूला शोधावा, कारण तिथे प्रतिमा उलटी पडते.