कोशलेख आणि शोधलेख

कॉलेजांतील अध्यापकांस आपल्या कामाचा जो वार्षिक आढावा सादर करावा लागतो, त्यांत प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठीं निरनिराळे रकाने असतात. तज्ज्ञांनीं परीक्षण केल्यानंतर नियतकालिकांत छापलेल्या संशोधनाचा रकाना त्यांत सर्वांत मानाचा होय. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं अशा कामास गुण देण्याची पद्धति सुरू केल्यापासून या रकान्याचें वजन फारच वाढलें. आणि एखाद्या ज्ञानकोशासाठीं लिहिलेला लेख याच रकान्यांत नोंदण्याचा मोहही त्याबरोबर वाढला. "लेख विद्वानानें लिहिला, संपादकानें वाचला, ग्रंथांत छापला, मग बिघडलें कोठें?" असा प्रश्न यावर केला जातो. वरवर पाहतां हा प्रश्न कारकुनी दिसतो. परंतु त्याच्या बुडाशीं विद्याव्यवहारांतील सचोटीचा प्रश्न आहे, आणि त्यामागें बराच इतिहासही आहे. तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम परीक्षणाची चाल कशी पडली तें पाहूं. १६६५ सालीं लंडन येथें हेन्री ओल्डेनबर्ग यानें 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हें नियतकालिक काढलें, तेव्हां काय छापावें आणि काय छापूं नये हें मुख्यतः तोच ठरवीत असे. १७५२ सालीं रॉयल सोसायटीनें ती जबाबदारी आपल्याकडे घेऊन निबंधांची निवड करण्यास एक समिति नेमिली. आणि १८३२ च्या सुमारास त्या त्या विषयांतील जाणत्यांकडून लेखी अभिप्राय मागविण्याची प्रथा तेथें सुरू झाली. तथापि ही प्रथा सर्वत्र रुळण्यास फार काळ लागला. वॉटसन व क्रिक यांचा १९५३ सालचा सुप्रसिद्ध लेख 'नेचर'नें बाहेरच्या परीक्षकांकडे न पाठवितांच छापला होता. त्या पत्रानें असें परीक्षण सक्तीचें केलें तें १९७३ सालीं. तेव्हां परीक्षण झालें नाहीं म्हणून लेख खोटा, असें कोणीही म्हणूं नये. 'परीक्षित' या शब्दानें एवढेंच कळतें कीं, लेखकाच्या नव्या विधानास त्याच्या बरोबरीच्या जाणत्यांनीं छपाईपूर्वीं आडवे प्रश्न विचारले, आणि तें नाकारण्याची मोकळीक त्यांस होती.

कोशाची रीत याच्या उलट आहे. शोधलेख आधीं लिहिला जातो आणि मग त्यास कोणी स्वीकारतो किंवा परत करितो. कोशांत आधीं लेखक निवडला जातो, आणि त्याच्या लौकिकावर विसंबून त्यास लेख मागितला जातो. संपादक भाषा, विस्तार व एकसूत्रीपणा पाहतो. क्वचित् दुसऱ्या जाणकारासही दाखवितो. परंतु वाचकास कोशाकडून नवा दावा नको असतो. त्या विषयांत आजवर काय ठरलें आणि काय अद्याप वादांत आहे, हें त्यास विश्वासानें कळावयास हवें असतें.

यावर कोणी थॉमस यंग याचें उदाहरण देईल, आणि तें विचार करण्याजोगें आहे. १७९९ सालीं सांपडलेल्या रोझेटा शिलेवरील चित्रलिपि वाचण्याचा यंग यानें १८१४ पासून प्रयत्न केला, आणि आपले निष्कर्ष १८१९ सालीं ब्रिटानिका कोशाच्या पुरवणींतील 'ईजिप्त' या लेखांत मांडिले. म्हणजे अस्सल संशोधन कोशांतच प्रथम अवतरलें! परंतु पुढें काय झालें? लेखावर त्याचें नांव नव्हतें. त्यांतील कांहीं अक्षरें बरोबर होतीं, कांहीं चुकीचीं. तीं वेगळीं काढणारा परीक्षक कोणी नव्हता. १८२२ सालीं शांपोल्यों यानें आपलें सुप्रसिद्ध पत्र प्रसिद्ध केलें, आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. तेव्हां यंग यास १८२३ सालीं स्वतःच्या नांवानें स्वतंत्र पुस्तक छापून आपला हक्क सांगावा लागला. कोशांत छापल्यामुळें त्याचा शोध लहान ठरला नाहीं. पण कोशांत छापला एवढ्यानें तो तपासलेलाही ठरला नाहीं.

दुसरें उदाहरण याहून हृदयंगम आहे. ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तींत १८७५ सालीं विल्यम रॉबर्टसन स्मिथ यानें 'बायबल' हा लेख लिहिला. जर्मन पंडितांनीं केलेल्या चिकित्सेचें सार इंग्रजी वाचकांस सांगणें हेंच त्याचें मुख्य काम होतें. तेवढ्यावरून त्याच्या पंथाच्या सभांत वर्षानुवर्षें खटला चालला, आणि १८८१ सालीं अ‍ॅबर्डीन येथील त्याची अध्यापकाची जागा गेली. पुढें त्याच कोशाच्या संपादनांत तो शिरला, आणि आपला तरुण मित्र जेम्स फ्रेझर याजकडून 'टॅबू' व 'टोटेमिझम' हे लेख त्यानें लिहवून घेतले. त्या अभ्यासांतूनच फ्रेझरच्या १८९० च्या महाग्रंथाची वाट निघाली. कोशलेखाची थोरवी याहून अधिक ती कोणती? तिला दुसऱ्याची पदवी उसनी घेण्याचें कारणच काय?

आपल्या महाराष्ट्रास तर हें सांगण्याची गरजच नसावी. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीं निघाला. त्यांनीं पुढें आपलें आयुष्य खर्चून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. संशोधन काय आणि संकलन काय, हें ते पुरतें जाणत होते. आणि दोहोंपैकीं एकासही त्यांनीं हलकें लेखिलें नाहीं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ पासून निघूं लागलेल्या मराठी विश्वकोशांतही नोंदीखालीं लेखकाचें नांव येतें. तेंच त्या श्रमाचें उघड आणि खरें प्रमाणपत्र होय.

म्हणून आमचें मत असें कीं, कोशलेख कोशलेख म्हणूनच नोंदावा. एखाद्या कोशानें तो बाहेरच्या तज्ज्ञांकडून खरोखर तपासून घेतला असेल, तर तेंही लिहावें. पण त्याची जात बदलूं नये. नोंदपत्रकांत त्यास रकाना नसेल, तर दोष पत्रकाचा आहे, आणि रकाना मागून घेणें हा आपला हक्क आहे. दुसऱ्याच्या रकान्यांत शिरणें हा मात्र हक्क नव्हे. कारण तसें केल्यानें दोघांचें नुकसान होतें. परीक्षकांच्या आक्षेपांस उत्तरें देत ज्या तरुण अध्यापकानें एक लेख तीन वेळां नव्यानें लिहिला, त्याच्या पुढें चार नोंदी लिहिणारा उभा राहतो, हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. आणि दुसरें नुकसान कोशाचें. खोट्या नांवाखेरीज कोशलेखास किंमत नाहीं, असें आपणच कबूल केलें, तर उद्यां मराठींत कोशासाठीं लेखणी कोण उचलील?